गल्लीत चौकशी करायला शिकवताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मामीला अजून वाटतं, मी इथे अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये, ग्रंथपाल म्हणून पुस्तकांवर शिक्के मारत बसते. प्रत्यक्षात माझं निम्मं काम शिकवण्याचं आहे. प्राध्यापक आपला एखादा तास ग्रंथालयाला देतात आणि माहिती कशी शोधायची, सापडलेली कितपत खरी मानायची, हे आम्ही मुलांना शिकवतो.

परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी निबंधाची संदर्भयादी घेऊन आली. चॅटजीपीटीने दिलेली. लेखक, नियतकालिक, खंड, पानं, सगळं जिथल्या तिथे. म्हटलं, चल, लेख उघडू. नियतकालिक खरं निघालं, खंडही मिळाला. त्या पानांवर मात्र भलत्याच माणसाचा भलत्याच विषयावरचा लेख! शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधलं, तरी काही नाही. "पण किती खरं वाटत होतं," ती म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असेच न घडलेले खटले कोर्टापुढे दाखले म्हणून ठेवले आणि ५००० डॉलर दंड ओढवून घेतला.

पूर्वी आम्ही मुलांना प्रश्नांची यादी द्यायचो: लेखक कोण, तारीख कोणती, हेतू काय. मला विचाराल तर ती यादी घेऊन मुलं तेच पान आणखी मन लावून वाचतात आणि आणखी पक्की फसतात. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि फॅक्ट-चेकर (छापण्याआधी माहितीची खातरजमा करणारे) यांना त्याच वेबसाइट तपासायला दिल्या. इतिहासतज्ज्ञही चकले. फॅक्ट-चेकर पानावर रेंगाळलेच नाहीत; नवा टॅब उघडून त्या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी पाहिलं. स्थळ आलं की आपण तरी काय करतो? बायोडेटा बाजूला ठेवून मुलाच्या गल्लीत चौकशी करतो.

बडोदेकर म्हणून मला या नोकरीची वेगळीच गंमत वाटते. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी राज्यातली ग्रंथालयं उभारायला ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, ते याच कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनहून. पुढच्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पुस्तक माणसापर्यंत पोचवायचं, हीच तेव्हाची मोठी अडचण होती. आता वाचायला नको म्हटलं तरी फोन उशाशी.

भाचा बडोद्यात विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत सेमिनारची तयारी करतोय. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं, तर म्हणतो, "मावशी, याला मार्क आहेत का?"

आमच्याकडे आहेत. एका तासाच्या भाषणाने काही रुजत नाही, म्हणून मी प्राध्यापकांच्या मागे लागून ते करून घेतलं: कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय टाकून दिलं आणि का, याची नोंद निबंधासोबत द्यायची. "काय टाकून दिलं" हा रकाना मी सगळ्यात आधी वाचते.