नव्याहून नवी एल्डोराडो

विकायला काढलेल्या जुन्या अमेरिकन गाड्या बघत बसायचा मला नाद आहे, घ्यायची ऐपत नाही, ठेवायला जागा तर त्याहून नाही, पण बघायला काय पैसे पडतात का. त्यात १९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो बियारित्झ, म्हणजे टप उघडणारी, रिस्टोर होऊन विक्रीला आली की जेवण गार झालंच म्हणून समजा. जवळजवळ पावणेसहा मीटर लांब, ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर तीन कार्बोरेटर, आणि मागे ते उंचच उंच फिन्स, म्हणजे विमानाच्या शेपटीसारखे उभे पंख, एकेकात दोन-दोन टोकदार लाल दिवे. कशासाठी? कशासाठीच नाही. १९४८ ला हार्ली अर्लच्या, म्हणजे कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या डिझाइनप्रमुखाच्या, लोकांनी पी-३८ विमान बघून कॅडिलॅकला जरासा फिन काढला, १९५७ ला क्रायस्लरने चांगले मोठ्ठे लावले, मग काय, जनरल मोटर्सवाले इरेला पेटले. १९६० पासून फिन्स खाली यायला लागले ते वेगळं.

तर फोटो. बाहेरचे मी भरभर बघतो, मजा खालच्या फोटोंत असते. बॉडी चेसिसवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून उचलून, बोल्ट न् बोल्ट सोडवून गाडी पुन्हा जोडलेली असते, आणि काही जण तर चेसिसवर खडूच्या खुणासुद्धा परत काढतात! डेट्रॉइटच्या कारखान्यात कुणा कामगाराने तपासणी झाली म्हणून घाईघाईत मारलेली रेघ, ती आता कुणीतरी जुने फोटो शोधून, त्याच जागी, तितकीच वाकडी काढतो. त्या कामगाराला कळलं असतं तर पोट धरून हसला असता.

आणि एवढं सगळं करून वर रंग कसा, तर आरशासारखा, कारखान्यातून निघताना कधीच नव्हता असा. पॅनेलमधल्या फटी एकसारख्या, ज्या तेव्हा नसायच्या. पार्लरमधून आलेली नवरी तिच्या मामालाच ओळखू येऊ नये तसं होतं ते.

सगळ्यात भारी म्हणजे एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली गाडी. एल्डोराडोला ते कंपनीकडूनच यायचं आणि गळायचं, रात्री उभी केलेली गाडी सकाळी बुड टेकून बसलेली. वैतागून पुष्कळ मालकांनी साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. आता हौशी लोक त्या चांगल्या चालणाऱ्या स्प्रिंगा काढून, वर पैसे ओतून, परत हवेच्या पिशव्या बसवतात, कारण ओरिजिनल! म्हणजे कंपनीची खोड जपायची आणि कंपनीचा ओबडधोबड हात मात्र पुसून टाकायचा, हा खरेपणा मला तरी जरा सोयीचाच वाटतो.

अर्थात भाव त्यालाच आहे. बियारित्झ बनल्याच १,३२०, तेव्हा ७,४०१ डॉलरला, आज चांगली असेल तर लाखाच्या वरच, डॉलर हं. एवढे दिल्यावर कोण टप उघडून उन्हात नेणार, बंद ट्रेलरमधून प्रदर्शनाला जायचं नि यायचं.

मला कुणी घेऊन देणार असेल (नाहीये) तर मी त्याच वर्षीची कॅडिलॅकचीच साधी सिरीज ६२ कन्व्हर्टिबल, तीही टप उघडणारीच, मागेन. फिन्स तेच, दिवे तेच, क्रोम जरा कमी, आणि बनल्या ११ हजारांवर, त्यामुळे दारावर एखादा ओरखडा असला तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. स्प्रिंगाही कॉइलच्याच.