टेंडर, टॅग आणि एक जादा पिन

उदगीरला आमचं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, पण सरकारी कामाच्या नादी आजवर कधी लागलो नव्हतो. १ जून २०२४ पासून कानात टॅग नसलेलं जनावर बाजारात विकता येणार नाही असं सरकारनं काढलं आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला निघालेला जो तो दुकानात डोकवायला लागला, मालक, बिल्ला हाय का? आता तो १२ अंकी नंबरचा पिवळा बिल्ला दुकानात मिळत नसतो, नंबर वरूनच ठरून येतात, हे सांगून सांगून तोंड दुखलं. तेवढ्यात एका कार्यालयाचं टेंडर निघालं. बिल्ल्यांचं नाही, ते मारायच्या पकडी म्हणजे अ‍ॅप्लिकेटर आणि पकडीत ज्यावर बिल्ला बसवतात त्या जादा पिना. म्हटलं एवढं तर आपल्याला जमतंय की.

पहिल्या खेपेला तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडायच्या आधी कागदपत्रं तपासतात तिथंच, उडालो. लहान उद्योगांच्या नोंदणीचं उद्यम सर्टिफिकेट आहे म्हणजे बयाणा, टेंडरसोबत भरायची अनामत, माफ असं मी धरून चाललो होतो, पण ती सूट माल बनवणाऱ्याला, नुसत्या विकणाऱ्याला नाही, आणि हे अटींमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. नशीब की बाकीचे पण गळाले आणि फेरनिविदा निघाली.

दुसऱ्यांदा बयाणा ऑनलाइन भरला. मग दराची एक्सेल फाईल. ओळखायला सोपं जावं म्हणून मी तिला दुकानाचं नाव दिलं तर टेंडरचं पोर्टल घेईचना, अर्धा तास गेला, शेवटी पुतण्या म्हणाला, काका, त्या फाईलचं नाव बदलायचं नसतं. सगळं अपलोड झालं, डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन काढून खिशात टाकला, चहा सांगितला, आणि हाच पुतण्या विचारतो, फ्रीज केलं का? ते बटण दाबल्याशिवाय टेंडर भरलंच जात नाही म्हणे. मुदत संपायला २० मिनिटं होती. चहा तसाच गार झाला.

खरी परीक्षा नमुन्याची. दवाखान्याच्या आवारात एक देवणी गाय बांधलेली, शेजारी तिचे मालक म्हातारे आबा, आणि समोर कमिटी. आमच्या आधीच्या माणसानं पकड दाबली तर पिनच वाकली, बिल्ला अर्धवट लोंबकळला आणि गाईनं असा हिसडा दिला की साहेबांच्या हातातली फाईल खाली. मी घरी जुन्या चपलेच्या रबरावर सराव करून गेलो होतो, पण कार्यालयानं दिलेला बिल्ला पिनेवर बसवला तर तो डुगडुगायला लागला. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, पशुधन पर्यवेक्षक होते ते, आधीच सांगून ठेवलं होतं की वेगवेगळ्या कंपन्यांच्या बिल्ल्यांची भोकं सारखी नसतात, जाड बारीक दोन्ही पिना खिशात ठेवत जा. जाड पिन लावली, कानाच्या मधोमध दोन शिरांच्या मधली जागा बोटानं चाचपली आणि दाबलं. कट्ट. गाईनं कान झटकला, बिल्ला मात्र जागचा हलला नाही. आबा म्हणाले, "मारला खरा, पर हिला कुठं इकायलोय मी!"

वाकलेल्या पिनवाल्याचा दराचा लिफाफा उघडलाच नाही. उघडलेल्यांत आमचा दर सगळ्यात कमी निघाला, म्हणजे एल वन आम्ही. मग सुरक्षा ठेव, करारनामा, बॉंड पेपर, त्यात एक आठवडा गेला. माल वेळेत पोचवला.

बिल अजून तिथंच आहे. परवा गेलो तर क्लार्क म्हणे पोचपावतीवर शिक्का आहे पण तारीख नाही, आणि तारीख टाकणारे साहेब ट्रेनिंगला गेलेत, सोमवारी या.