तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षकांनी संशोधन करायचे कधी?

निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे आणि दहावीचे जादा तास यांतून माध्यमिक शिक्षकाने संशोधन करायचे तरी कधी, हा प्रश्न प्रशिक्षणवर्गांत मला हमखास विचारला जातो. वेळेची अडचण खरी आहे. पण संशोधन म्हणजे काय याविषयीचा आपला समज ही मला त्याहून मोठी अडचण वाटते.

बी.एड.ला बहुतेकांनी कृतिसंशोधन, म्हणजे वर्गातल्या एखाद्या अडचणीवर स्वतःच उपाय करून त्याचा परिणाम तपासणे, केलेले असते. समस्या, उद्दिष्टे, पूर्वचाचणी, उपाययोजना, उत्तरचाचणी, निष्कर्ष हा साचा ठरलेला, आणि उत्तरचाचणीत गुण वाढणार हेही जवळजवळ ठरलेलेच. उपाय फसला, असे लिहिणारा अहवाल माझ्या पाहण्यात क्वचितच आला. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या चौकशीची गोडी कोणाला लागणार?

त्यापेक्षा घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा उघडावा. २.१५ मोठे की २.७, असे विचारल्यावर आठवीतलीही काही मुले निःशंकपणे २.१५ म्हणतात. ‘पाया कच्चा’ असा शेरा मारून आपण पुढे जातो. त्याऐवजी ‘कसे ठरवलेस?’ असे विचारले, तर एखादा सांगतो, की दोन रुपये पंधरा पैसे हे दोन रुपये सात पैशांपेक्षा जास्तच. दशांश अपूर्णांक सोपे व्हावेत म्हणून आपणच दिलेले पैशांचे उदाहरण त्याने इमानाने वापरलेले असते; २.७ म्हणजे दोन रुपये सत्तर पैसे, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. मग असा विचार आणखी किती जण करतात, आणि सेंटिमीटरच्या पट्टीवर दोन्ही संख्या दाखवायला लावल्यावर सुधारलेले उत्तर महिन्याभराने टिकते का, हे शोधावेसे वाटू लागते. माझ्या लेखी संशोधन इथे सुरू होते.

मात्र हे एकट्याने फार दिवस होत नाही. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलांच्या विचारांकडे लक्ष ठेवतात. आपल्याकडे पाठनिरीक्षण बहुधा फळ्यावरच्या अक्षरापाशी अडते. म्हणून मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच एका विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातून एक समाईक मोकळा तास द्यावा आणि त्यावर बदली तास लावू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास अपेक्षित आहेत. हा वेळ त्यात धरायला हरकत नसावी. फक्त त्या तासाचे इतिवृत्त आणि छायाचित्रे मागू नयेत, कारण ती मागितली की तो तास फाइल सजवण्यातच जाईल.