गेघार्द: गाल्झाकनं कोरलेला डोंगर

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला माझी पुतणी मेडिकलला आहे. आपल्याकडची पुष्कळ मुलं आता तिथं शिकतात. ऑक्टोबरात तिला चार दिवस मोकळे मिळाले आणि मी पोचले. तिनं यादी केली होती: सेवान तलाव, बाजार, संग्रहालयं. मी म्हटलं, "बाकीचं तू ठरव, पण एक पूर्ण दिवस गेघार्दच्या डोंगरात कोरलेल्या मठाला हवा." वेरूळला मी आजवर सहा वेळा गेले आहे. जिथं माणसानं डोंगर आतून कोरलाय, तिथं जायची ओढ मला लहानपणापासून आहे.

गेघार्द येरेवानपासून साधारण 40 किलोमीटरवर, आजात नदीच्या घळीत आहे. गार्नी गावापर्यंत मार्शरुत्का मिळाली. मार्शरुत्का म्हणजे आपलं वडाप समजा, फक्त गाडी जरा मोठी. गार्नीचं देऊळ पाहिलं. 1679च्या भूकंपात ते कोसळलं आणि 1969 ते 1975 या काळात पुन्हा उभं केलं. सुंदर आहे, पण माझं लक्ष पुढच्या रस्त्याकडे होतं. तिथून टॅक्सी केली. घळ अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले आणि एका वळणावर काळपट कड्याला टेकलेला निमुळता घुमट दिसला.

दाराबाहेर बायका गाता विकत बसल्या होत्या. गाता म्हणजे गोल, गोडसर भाकरीसारखा पाव, आत लोणी-साखरेचं सारण. शेजारी सुजुखच्या माळा टांगलेल्या. अक्रोड दोऱ्यात ओवायचे, द्राक्षाच्या आटवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवायचे आणि वाळवायचे. एका आजींनी चाकूनं चकती कापून माझ्या तळहातावर ठेवली. आत जायला तिकीट नाही. हा नांदता मठ आहे.

दाराच्या अलीकडे कड्यात लहान लहान कोनाडे आहेत. लोक खालून त्यात खडे फेकतात. खडा आत टिकला तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. पुतणीचा तिसरा खडा राहिला. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

या जागेचं जुनं नाव आयरिवांक, म्हणजे गुहेतला मठ. आर्मेनियानं 301 साली ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला असं तिथं मानतात आणि त्या घटनेशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या संत ग्रिगोर यांनीच चौथ्या शतकात हा मठ स्थापला अशी परंपरा आहे. गुहेत एक झरा होता आणि तो त्याही आधीपासून पवित्र मानला जाई. दहाव्या शतकात मठ लुटला, जाळला गेला. आज दिसतं ते बहुतेक तेराव्या शतकातलं. गेघार्द म्हणजे भाला. येशूच्या कुशीत ज्यानं जखम झाली तो भाला इथं जपून ठेवला होता अशी श्रद्धा. आता तो एच्मियाद्झिनच्या, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाच्या, संग्रहालयात आहे.

मधलं मोठं चर्च 1215चं. ते खोदलेलं नाही, नेहमीसारखं दगडावर दगड रचून बांधलंय. त्याला लागून गावित, म्हणजे आपल्या सभामंडपासारखं दालन. त्याची मागची बाजू कड्यात शिरलेली. छताच्या मधोमध गोल झरोका आणि त्याच्याभोवती मधाच्या पोळ्यासारखी उतरंडीची नक्षी. झरोक्यातून ऊन तिरपं खाली येतं. त्या उजेडातून बाजूच्या दारानं आत पाऊल टाकलं की तुम्ही डोंगराच्या पोटात असता.

हे पहिलं गुहामंदिर, आवाझान. पाणी आधी ऐकू आलं, दिसलं नंतर. भिंतीपाशी झरा आहे आणि त्याचं पाणी फरशीतल्या पन्हाळीतून वाहत जातं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई ओणवी होऊन बाटली भरत होती. भरून झाल्यावर तिनं ओला हात नातवाच्या कपाळावरून फिरवला, मग स्वतःच्या डोळ्यांना लावला. मीही ओंजळभर घेतलं. दात शिवशिवावेत इतकं गार.

मान वर केली आणि बघतच राहिले. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, त्यांच्यावर निमुळतं होत गेलेलं छत, अगदी वर उजेडाचं भोक. बाहेरच्या बांधीव गावितमध्ये जे होतं तेच इथं आत, अखंड खडकात. पण बाहेर त्या कमानींना काम आहे, छताचा भार त्या पेलतात. इथं पेलायचं काहीच नाही. डोंगर स्वतःचा स्वतः उभा आहे. तरी कोरणाऱ्यानं कमानी काढल्या, कारण त्याच्या लेखी देवाचं घर असंच दिसतं.

वेरूळची दहा नंबरची लेणी आठवली. सुताराची झोपडी म्हणतात तिला. तिच्या छताला दगडातच वासे कोरलेत, लाकडी घराला असतात तसे. तेही काही तोलत नाहीत. दोन देश, दोन धर्म, मध्ये काही शतकांचं अंतर, आणि दगडात शिरल्यावर दोन्हीकडच्या कारागिरांनी आपलं ओळखीचं घरच कोरलं. माझा गळा भरून आला.

इथं एक गोष्ट मात्र वेगळी आहे. या कारागिराचं नाव आपल्याला ठाऊक आहे. छत जिथून निमुळतं व्हायला लागतं तिथं, डाळिंबांच्या नक्षीजवळ ते कोरलंय: गाल्झाक. हे काम 1240च्या दशकातलं. पुढची गुहामंदिरं आणि दालनंही त्याचीच, सुमारे चाळीस वर्षांचं काम, असं मानतात. कैलास लेण्याबद्दल बडोद्याच्या ताम्रपटात म्हटलंय की, ते घडवणारा स्वतःच थक्क झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं, असं त्याला वाटलं. राजाचं नाव त्या ताम्रपटात आहे, त्या थक्क झालेल्या माणसाचं नाही. ही रुखरुख मला कित्येक वर्षं आहे. म्हणून मी गाल्झाकचं नाव तिथं मोठ्यानं उच्चारलं. पुतणीनंही उच्चारलं.

शेजारच्या दालनात प्रोश्यान या सरदार घराण्याच्या कबरी आहेत. मठ त्यांनी विकत घेतला आणि पुढचं हे खोदकाम करवून घेतलं. कबरींच्या कमानींवर त्यांचं चिन्ह: एका जनावराच्या मुखात साखळी, साखळीच्या दोन टोकांना दोन सिंह, त्यांच्या शेपट्यांच्या टोकांना सर्पाची तोंडं. खाली पंख अर्धे उघडलेला गरुड, पंजात कोकरू. जवळ जाऊन बघा, छिन्नीचे घाव अजून मोजता येतात. त्याच दालनातून पुढे आणखी एक खोदीव चर्च आहे, 1283चं.

वरचं दालन बघायला बाहेर यावं लागतं. कड्याला लागून पायऱ्या चढायच्या, मग खडकातली एक अरुंद वाट. तिच्या भिंतीवर ओळीनं क्रूस कोरलेले. खाचकार म्हणतात त्यांना, दगडातल्या जाळीदार कशिद्यासारखे असतात. वाट संपते तिथं 1288 सालचं दालन. पापाक आणि रुझुकान या जोडप्याची कबर इथं आहे. चार जाड खांब, वर घुमट, बाकी काही नाही.

येरेवानहून आलेल्या चार बायका तिथं गात होत्या. शब्द कळले नाहीत, पण एक खालचा स्वर धरून होती आणि तिघी त्यावर चढत होत्या. त्या थांबल्यावरही गाणं लगेच थांबलं नाही. खांबांमागून फिरत हळूहळू विरलं. सांधा नसलेला अखंड दगड, मऊ असं काही नाहीच, त्यामुळे आवाज मुरायला जागा सापडत नाही. त्या गेल्यावर दालन रिकामं झालं.

मी अकरा वर्षं गाणं शिकले, नंतर संसारात सुटलं. काळी चारचा सा लावला. सोडला तरी तो तिथंच होता, मागून कुणी तानपुरा धरल्यासारखा. त्याच्यावर पंचम ठेवला. दोन्ही एकत्र ऐकू आले, एकाच गळ्यातून निघालेले. असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही.

या दालनाच्या फरशीत कोपऱ्याला एक भोक आहे, त्यातून खालच्या प्रोश्यानांच्या कबरी दिसतात. पुतणीनं वाकून पाहिलं आणि काही न बोलता पळत खाली गेली. मी वाट पाहत उभी राहिले. दोनेक मिनिटांनी जमिनीतून तिचा आवाज आला, खडकातून गाळून आल्यासारखा:

"काकू, परत म्हण ना. मी गाल्झाकच्या सिंहांपाशी उभी आहे."

मी सा लावला.