पाणी किती फूट?

आमची मुलगी मनू साडेचार वर्षांची होती तेव्हा मी एक मूर्खपणा केला. एका जत्रेत तिला ड्रॅगनच्या रेल्वेत बसवलं, तेही एकटीला. चार डबे, तोंडात लाल दिवा, गोल रुळावर फिरणारी बारक्या पोरांची गाडी. यात घाबरायचं काय, असा माझा हिशेब. दुसऱ्या चकरेला ती रडायला लागली, तिसऱ्या चकरेला उभी राहिली. मी पाळणेवाल्याला हात करून थांबवायला सांगितलं, तर तो म्हणाला, "दोनच ऱ्हायल्यात, होऊ द्या की." भोंग्यावर गाणं एवढं मोठं होतं की तिचं रडणं मला नुसतं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं बाईसाहेब आमराईतल्या साध्या झोपाळ्यावरसुद्धा बसल्या नाहीत. दुसऱ्यांची पोरं झोके घ्यायची आणि ही बाजूला उभी राहून मोजायची. मोजायची खोड तेव्हापासूनची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या ताईचा फोन आला, "खोपोलीला इमॅजिका पार्कला जायचं ठरवतोय, या सगळे." भाचा अकरा वर्षांचा, त्याच्या तोंडी तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरचा एकच जप, नायट्रो. बायको मला म्हणाली, "अहो, आपल्या पोरीला घेऊन तिथं करायचं काय? तिकीट काढून भेळ खायची?" प्रश्न रास्त होता.

माझं सांगलीजवळ कुपवाडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार आली की आम्ही आधी विचारतो, कशानं जळाली? फेज गेला, बेअरिंग जाम झालं, की पाण्याविना चालवली? ते न बघता नवीन वायर भरली तर मोटार महिन्यात परत दारात. पण पोरीच्या बाबतीत मी दोन वर्षं हे विचारलंच नव्हतं. उंचीला घाबरते असं आपलं आपणच धरून चाललो. आता बघा, हीच पोरगी गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर माझ्याआधी चढते.

शेवटी एकदा गाडीवरून कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून येताना मनूला सहज विचारलं. पुढं उभी होती, वाऱ्यात ओरडूनच बोलली, "पप्पा, ते मधीच थांबतंय का?"

"काय?"

"आपण नको म्हटल्यावर."

म्हणजे उंची नाही, वेगही नाही. उतरता येत नाही, ही भीती. आणि ती खोटी म्हणायची तरी कशी, मी स्वतः हात करून तरी ती गाडी कुठं थांबली होती? त्यामुळं "काही होत नाही गं" हे वाक्य मी त्या दिवसापासून बंद केलं.

आमच्या गावभागातल्या घरात जिन्याजवळ भिंतीवर एक निळी रेघ आहे. २०१९ च्या महापुराचं पाणी तिथवर आलं होतं. आयर्विनजवळ तेव्हा पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. मनू दीड वर्षाची होती, तिला काही आठवत नाही, पण आज्जीनं सांगून सांगून तिला सगळं पाठ आहे. सांगलीच्या पोराला पाढे येण्याआधी हे दोन आकडे येतात, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पावसाळ्यात शाळेच्या रिक्षातसुद्धा तेवढीच चर्चा, "आज किती?"

तर आम्ही भीती फुटात मोजायची ठरवली. कल्पना माझी नाही, तिचीच. यूट्यूबवर राइडचे व्हिडिओ बघत होतो, मी म्हटलं, ही कशी वाटते? ती म्हणाली, "पस्तीस." मला कळायला जरा वेळ लागला. पस्तीस म्हणजे पाणी आहे, पण बिऱ्हाड माडीवर हलवायची गरज नाही.

पुढचे आठ दिवस जेवणं झाली की हाच उद्योग. व्हिडिओ आधी आवाज बंद करून, मग आवाज लावून. आवाजानं सरासरी पाच फूट पाणी वाढतं असा माझा अनुभव आहे. डीप स्पेस म्हणजे अंधारातली रोलर कोस्टर, तिला बिनआवाजाच ४८. सलीमगड हा भुताचा महाल, पोस्टर बघूनच ५०, तो व्हिडिओ लावायचाच नाही असा हुकूम. टबी टेक्स ऑफ, म्हणजे गोल फिरत वर-खाली होणारे हत्ती, ३०. घोड्यांचा मेरी-गो-राउंड तर २२, म्हणजे कृष्णामाई पात्रात शांत.

यादी बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. चाळीसच्या आतल्या जवळपास सगळ्या राइड अशा होत्या, ज्या बाहेर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतात. कुठून निघते, किती फिरते, कुठं थांबते, सगळं डोळ्यासमोर. जिथं गाडी भिंतीआड किंवा बोगद्यात शिरते, तिथं पाणी एकदम धोक्याच्या वर. नावावर तर अजिबात जाऊ नये. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर म्हटल्यावर मला वाटलं, होडी आहे, पाणी आहे, हरिपूरला संगमावर होडीत बसलेली पोरगी आहे, हिला जमेल. शिवाय राजासॉरस हा आपल्या इकडचाच डायनासोर, नर्मदेच्या खोऱ्यात गुजरातमध्ये त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. हे सगळं मी तिला रंगवून सांगितलं. मग व्हिडिओ लावला, तर होडी अंधारात शिरते, आत गुरगुरणारी धुडं आणि शिवाय होडी खाली कोसळते. मनूनं शांतपणे मोबाइल पालथा ठेवला.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. "मधीच बंद पडलं तर?" हा तिचा दुसरा प्रश्न. लाइट गेली की आमच्याकडं सगळंच बंद पडतं, त्यामुळं शंका बरोबरच. तिला रविवारी दुकानात नेलं. एसीच्या तांब्याच्या पाइपचा हातभर लांब, जाड तुकडा पडला होता, तो उभा धरला आणि वरून एक नट सोडला. टण्णकन खाली. मग जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला चुंबकाचा तुकडा सोडला. तो येईचना! तिनं पाइपाखाली ओंजळ धरली होती, मग वाकून आत बघितलं, तर चुंबक आरामात, लिफ्टमधून उतरल्यागत खाली येतोय. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे तिनं आधी चिकटवून बघितलं होतं, त्यामुळं आणखीच नवल. चुंबक हलला की तांब्यात वीज फिरते आणि तीच चुंबकाला मागं ओढते, एवढं मी सांगितलं. वरनं सोडणाऱ्या बऱ्याच मोठ्या टॉवरना असलाच ब्रेक असतो, त्याला बाहेरची लाइट लागतच नाही. लाइट गेली तरी चुंबक चुंबकच राहतो. तिनं पाइप घरी नेला. आज्जीला, शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला, सगळ्यांना दाखवून झालं.

कोस्टर चढताना येणारा टक-टक-टक आवाजही तिला खुपायचा. गाडी साखळीनं वर ओढताना मागं घसरू नये म्हणून खाली दाते असतात, खटका एकेका दात्यावरून पुढं सरकतो, त्याचा तो आवाज. विहिरीच्या जुन्या रहाटाला असतो तसाच. मोडल्याचा नव्हे, धरून ठेवल्याचा आवाज. हे कळल्यावर व्हिडिओतले टक-टक ती बोटांवर मोजायला लागली. बसायची मात्र नाही ती नाहीच.

सांगलीहून खोपोली तीनशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी निघून वाकडला ताईकडं मुक्काम टाकला, ते बरं केलं. सहा तास गाडीत आंबलेलं पोर थेट राइडच्या रांगेत उभं केलं तर तीस फुटांची राइडसुद्धा पंचेचाळीसची होते. सातारा सोडल्यावर खंबाटकीचा बोगदा लागतो. तेव्हा तो पुण्याकडं जातानाच लागायचा, येताना घाट चढावा लागायचा. बोगद्यात शिरताच मी विचारलं, "पाणी किती?" कानांवर हात ठेवून म्हणाली, "एकोणचाळीस... अडतीस... पुढं उजेड दिसतोय, बत्तीस."

दारातच उंची मोजतात. मी घरी पट्टीनं मोजून आणली होती, चपलेविना ११६ सेंटिमीटर. रांगेत कुणी पोराला टाचा उंच करायला सांगत होतं. हे करू नका हो. ती पट्टी मांडीवरचा दांडा अंगाला नीट बसतो का यासाठी असते. त्यात बसलं म्हणजे पोरगं धाडसी आणि नाही बसलं म्हणजे भित्रं, असं काही नसतं.

सुरुवात घोड्यांनी. मग हत्ती, आधी बाहेर उभं राहून एक पूर्ण खेप बघितली, तिनं चकरा मोजल्या, मगच रांगेत. रांगेत आमचा करार असा, दार येईपर्यंत कधीही माघारी फिरायचं, कुणी हसायचं नाही. एकदा फिरलोही. भाचा हसला, त्याला ताईनं नुसतं बघितलं.

चहाच्या कपांत मात्र माझी चूक झाली. कपाच्या मधलं चक्र फिरवू तेवढा कप जास्त गिरक्या घेतो, हे मला माहीत होतं, तरी दुकानातला हात वळवळला. मनू खिदळत होती. उतरल्यावर मीच कठड्याला धरून उभा. कानातलं पाणी फिरत राहतं, डोळे थांबलेले असतात, दोघांचं जुळत नाही. "पप्पा, तुमचं किती?" मी म्हटलं, सेहेचाळीस.

हम्प्टीज फॉल हा बारक्यांचा टॉवर. बाक वर जातो आणि टुणटुणत खाली येतो. बाहेरनं तीन खेपा बघितल्या. पोटात गोळा का येतो ते सांगून ठेवलं होतं, आपण आणि बाक एकदमच खाली निघालो की बुडाखालचा दाब जातो, पोटातलं सगळं क्षणभर टांगल्यागत होतं. त्या क्षणाला श्वास धरायचा नाही, ओरडायचं. ती बसली. माझ्या अंगठ्याला तिची नखं रुतली होती, दोन दिवस खूण होती. पहिल्या पडण्याला आवाजच फुटला नाही. दुसऱ्याला बारीक. तिसऱ्याला जे काही ओरडली ते "चाळीस! चाळीस!" शेजारचे गुजराती काका दचकून आमच्याकडं बघायला लागले.

खाली आल्यावर लगेच म्हणाली, "परत नको." म्हटलं, बरं. मी आग्रह केला नाही. बायकोचा विचार होता की लोखंड गरम आहे, घाव घाला. पण चाळीस म्हणजे इशारा, आणि इशाऱ्यावर आमच्याकडं कुणी दारं उघडी टाकून झोपत नाही.

राहिलेला वेळ आम्ही आळीपाळीनं काढला. कुणीतरी एक मनूजवळ, बाकीचे मोठ्या राइडवर. संध्याकाळी भाचा आणि ताईचे मिस्टर नायट्रोच्या रांगेत लागले आणि आम्ही दोघं खाली उभं राहून बघत बसलो. ४० मीटर उंच, पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळत. मनूनं मान मागं टाकून टक-टक मोजायला सुरुवात केली, वर पोचेपर्यंत हिशेब चुकला. गाडी कोसळली, आमच्या डोक्यावरून किंचाळ्या गेल्या. तिच्या हातातली मक्याची कणसं तशीच राहिली होती.

"किती?" मी विचारलं.

"सत्तावन्न," ती म्हणाली. "आज्जीच्या रेघेएवढं." आणि थोड्या वेळानं, कणीस खात, "पण ते पण उतरलं होतं ना?"