बाबांच्या नावाचं लाइटबिल आणि गच्चीवरचं सोलर

बाबा 1964 साली गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रावर नोकरीला लागले. तिथं 1960 मध्ये तेल लागलं, तेव्हा त्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिलं, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. निवृत्तीनंतर मात्र वेगळंच बोलू लागले. आधी तेल स्वतःच्या दाबानं वर यायचं. मग जमिनीत पाणी सोडून ते ढकलावं लागलं, पंप बसले, आणि वर येणाऱ्या तेलात पाणीच वाढत गेलं. “सोपं तेल आधी निघतं गं,” ते म्हणायचे. तेलाचं उत्पादन वाढत जाऊन शिखर गाठतं आणि मग उतरत जातं, हा हबर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकानं 1956 मध्ये मांडलेला अंदाज ते वहीत घंटेसारखी रेघ काढून समजावत. अमेरिकेचं उत्पादन खरंच 1970 मध्ये शिखर गाठून उतरलं. पुढं शेल तेलानं, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलानं, ते पुन्हा चढलं, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या विहिरी पहिल्या दोन-तीन वर्षांतच किती झपाट्यानं आटतात, तेही ते सांगत.

बाबा 2021 मध्ये गेले. गच्चीवर सोलर बसवायचं त्यांच्या मनात राहून गेलं होतं. 2024 मध्ये घरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली आणि मी ठरवलं, आता करायचंच.

पोर्टलवर नोंदणी करायला दहा मिनिटं लागली. पण लाइटबिल बाबांच्या नावावर, अर्ज आणि बँकखातं माझ्या. सबसिडी हवी तर आधी बिल माझ्या नावावर करा, असं सांगण्यात आलं. मृत्यूचा दाखला, वेऱ्याची म्हणजे घरपट्टीची पावती, पुण्याच्या भावाचं स्टँप पेपरवर ना-हरकत पत्र, सगळं दिलं. अर्ज परत आला! दाखल्यावर बाबांचं पूर्ण नाव, बिलावर नुसती आद्याक्षरं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून आणलं, तेव्हा काम झालं. यात दोन महिने गेले. तुमच्याही घरी बिल वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर सोलरचा विचार पक्का होण्याआधीच ते बदलून घ्या.

पुढचा प्रश्न सावलीचा. आमचं घर वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, दाटीवाटीचं. शेजारच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर गच्चीच्या एका कोपऱ्यावर येते. एका ओळीत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली पडली तरी बाकीच्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तो कोपरा सोडला. पहिल्या विक्रेत्यानं गच्चीला जवळजवळ चिकटूनच पॅनल लावायचे सुचवले होते. मी नाही म्हटलं. वडोदऱ्यात उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्ची नसेल तर मुलांनी पतंग उडवायचे कुठं? मग माणूस खालून उभा चालू शकेल असा उंच सांगाडा करून घेतला. खर्च वाढला, पण गच्ची राहिली.

540 वॉटचे सहा पॅनल, दक्षिणेकडे तोंड करून. वीज कंपनीची तपासणी झाली, येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर लागला, आणि 3 किलोवॅटची 78,000 रुपये सबसिडी खात्यात आली. स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण 12 युनिट होतात. एक गोष्ट मात्र आधी कोणी सांगितली नव्हती: बाहेरची वीज गेली की सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही सोय असते. बॅटरी हवी तर ती वेगळी घ्यावी लागते.

बाबा असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता: “यानं तेल किती वाचलं?” खरं सांगायचं तर फारसं नाही. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावर होते. तेल जळतं ते गाड्यांमध्ये. म्हणून दिवाळीत स्कूटर बदलली. तिला रोज दुपारी, ऊन असतानाच चार्जिंगला लावते. पेट्रोल पंपावर जाणं त्यामुळं थांबलं. स्वयंपाकघरात इंडक्शनही घेतलंय. वरण-भात, चहा त्यावर होतो. पोळ्या अजून गॅसवरच भाजते, आणि तो सिलिंडर आता आधीपेक्षा जास्त दिवस पुरतो.