मिशिगनमध्ये गाडीखाली

गाडीचं ऑइल मी स्वतः बदलतो म्हटल्यावर पुण्यातल्या मित्रांना दोनच शक्यता सुचतात. एक तर याची नोकरी गेली असावी, नाहीतर डोकं फिरलं असावं. तिकडे गाडी गॅरेजला लावायची, समोर टपरीवर चहा घ्यायचा, "ब्रेकपण बघून ठेव रे" म्हणायचं आणि निघायचं. इथे डेट्रॉइटच्या उपनगरात उलटं आहे. आमच्या गल्लीतले बरेच जण कधी ना कधी फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत होते. ऑइल बदलायला दुसऱ्याला पैसे देणं त्यांना जरा कमीपणाचंच वाटतं.

आधी पैशांचं बोलू, कारण पहिला प्रश्न तोच येतो. माझी जुनी कॅमरी, २.५ लिटरचं इंजिन. फिल्टरसकट तिला ४.६ क्वार्ट, म्हणजे साधारण ४.४ लिटर ऑइल लागतं, ०डब्ल्यू-२० (हा तेलाच्या पातळपणाचा दर्जा) सिंथेटिक. ५ क्वार्टचा कॅन २५-३० डॉलरला मिळतो, फिल्टर ७-८ डॉलरला. बाहेर करून घेतलं तर ८० ते १०० डॉलर. पन्नास-साठ डॉलर वाचले म्हणून खूश व्हायच्या आधी दुसरी बाजू बघा. पुढची चाकं चढवायच्या रॅम्पची जोडी, टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोरापर्यंतच कसायचा), फिल्टरच्या टोपणाचा खास पाना, तेल धरायचं पसरट भांडं हे सगळं आधी विकत घ्यावं लागतं. आणि या इंजिनाला सिंथेटिक ऑइल असेल तर टोयोटा १०,००० मैलांनी किंवा वर्षातून एकदा बदलायला सांगते. वर्षातून एकदाच वाचणारे पन्नास डॉलर! हत्यारांचे पैसे सुटायलाच दोन-तीन वर्षं जातात. दर ३,००० मैलांनी ऑइल बदलायचा नियम जुन्या इंजिनांचा आणि जुन्या तेलांचा होता. काही दुकानदार अजून तसंच स्टिकर काचेच्या कोपऱ्यात चिकटवून देतात, ते खुशाल काढून टाका.

मग कशासाठी? माझं उत्तर: मीठ. मिशिगनमध्ये बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकतात (डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे आणि ती अजून चालू आहे). ते मीठ गाडीच्या खालच्या अंगाला चिकटून पत्रा खातं. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे जोड, चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या) खालच्या प्लॅस्टिक आवरणाचे बोल्ट गंजतात. झटपट ऑइलच्या दुकानात गाडी खड्ड्यावर उभी राहते, तुम्ही आतच बसून असता आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. खालचा माणूस गंज बघत असेलही, पण तुम्हाला सांगायला येतो तो मळका एअर फिल्टर हातात घेऊन, आणि त्याचा भाव बाहेरच्यापेक्षा दुप्पट. स्वतः खाली गेलो की गंज कुठवर आलाय ते मी बघतो, फोटो काढतो, पुढच्या वर्षी ताडून बघतो.

काम तसं किचकट नाही. इंजिन पाच मिनिटं चालवून तेल कोमट करायचं, फार गरम नाही, नाहीतर हात भाजतो. गाडी रॅम्पवर चढवायची, गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांना ओट लावायची, हँडब्रेक ओढायचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये. जॅक बसला की माणूस गेला. तेल सोडायचा चेंबरचा नट १४ मिलिमीटरचा. तो सुटला की तेल सरळ खाली न पडता आधी बाहेर उसळतं, म्हणून भांडं थोडं पुढे धरायचं. परत बसवताना नवा वायसर घालायचा आणि टॉर्क पान्यावर ४० न्यूटन-मीटर आले की थांबायचं. "आणखी थोडं कसू" म्हणणाऱ्यांमुळेच नटाचे आटे जातात. नवा फिल्टर बसवताना त्याच्या टोपणाचं रबरी कडं नवं घालायचं आणि त्याला बोटाने तेल लावायचं. शेवटी नवं तेल ओतायचं, डिपस्टिकवर (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पातळी बघायची, इंजिन चालू करून गळती बघायची, पुन्हा डिपस्टिक.

खरी कटकट पुढे असते. चार-साडेचार लिटर काळं तेल तुमच्या दारात, त्याचं काय करायचं? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या म्हणण्यानुसार एका ऑइल बदलातलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. इथल्या रस्त्याकडेच्या जाळीतलं पावसाचं पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होता थेट नदी-तळ्यात जातं, आणि आमच्या आजूबाजूला तळीच तळी. म्हणून तेल रिकाम्या कॅनमध्ये भरून सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्यायचं. ऑटोझोनसारखी दुकानं ते फुकट घेतात. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळलेलं मात्र चालत नाही. आपल्याकडे जळकं तेल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात. ते कुठे मुरतं हे मी तिकडे असताना कधी विचारलंही नव्हतं.

नवीन येणाऱ्यांनी मात्र घाई करू नये. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार आधी वाचा. पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि डांबरावर तेलाचा डाग पडला तर डिपॉझिटमधून पैसे कापतात. अशांनी सरळ दुकानात जावं, कूपन शोधावं. घरोघरी येणाऱ्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात ती असतात, १५-२० डॉलर सुटतात.

गाडी वॉरंटीत असेल म्हणून घाबरू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, ऑइल तुम्ही स्वतः बदललंत एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. पण तेलाची आणि फिल्टरची बिलं, तारीख आणि मीटरवरचे मैल लिहून ठेवा.

यंदा माझी पाळी जानेवारीत येतेय. उणे पंधरा अंशात गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकवायची माझी तयारी नाही, त्यामुळे या खेपेला दुकानवाल्याला शंभर डॉलर. गंज बघायला एप्रिलमध्ये जाईन खाली.